मनसर

मनसर हे महाराष्ट्रातील नागपूर जिल्ह्याच्या रामटेक तालुक्यातील एक गाव आहे. ते नागपूरच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर, जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर वसले आहे. रामटेक येथून जवळच पूर्वेस आहे. मँगनीजची खाण आणि वाकाटककालीन अवशेष यांसाठी ते प्रसिद्ध आहे.

खाणकाम

नागपूर, भंडारा, छिंदवाडा व बालाघाट या जिल्ह्यांतून गेलेल्या मँगनीजच्या पट्ट्यात मनसर येते. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली आणि १९०० च्या सुमारास नागपूर जिल्ह्यात उत्खनन सुरू झाले. पोलाद तयार करताना त्यातील प्राणवायू व गंधक यांचा दोष घालविण्यासाठी मँगनीज लागते. त्या काळी रशियन साम्राज्यातील चिआतुरा (आजचा जॉर्जिया) हे त्याचे मोठे केंद्र होते. १९०५ च्या क्रांतीच्या धामधुमीत तेथील पुरवठा विस्कळीत झाला आणि मध्य प्रांतातील खनिजाची मागणी वाढली. दूरच्या राज्यातील उलथापालथीने विदर्भातील खेड्यात मजुरी उपलब्ध व्हावी, असा हा व्यवहार होता.

भूवैज्ञानिक एल. एल. फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. या पट्ट्यातील मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. ते आजही जगभर रूढ आहे. खडकाला नाव गोंडांचे मिळाले. खाणींची मालकी मात्र परदेशी कंपनीकडेच राहिली.

१९२४ मध्ये सिंडिकेटचे नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी असे झाले. १९६२ मध्ये तिच्या खाणींसाठी मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड अर्थात ‘मॉईल’ स्थापन झाली. तीत केंद्र, महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांचा मिळून ५१ टक्के आणि जुन्या कंपनीचा ४९ टक्के वाटा होता. १९७७ मध्ये हा उर्वरित वाटाही सरकारने घेतला. कंपनीच्या कागदपत्रांत खाणीचे नाव इंग्रजी वळणाने ‘मुनसर’ असेच राहिले आहे.

मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्था बिघडते, हातपाय ताठरतात व चाल अडखळते. हा विकार कंपवातासारखा दिसतो. खाणगावांच्या इतिहासात उत्पादनाच्या आकड्यांइतकीच याचीही दखल घेणे आवश्यक आहे.

प्राचीन अवशेष

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपली राजधानी नंदिवर्धनहून प्रवरपूर येथे नेली. वा. वि. मिराशी यांनी प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार असे मत मांडले होते. १९९८ पासून जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांनी मनसरच्या हिडिंबा टेकडीवर व आसपास उत्खनन केले. तेथे विटांचे भव्य मंदिर, राजवाड्याचे अवशेष आणि ‘प्रवरेश्वर’ नाव असलेल्या मुद्रा मिळाल्याने अनेक अभ्यासक मनसरलाच प्रवरपूर मानतात. बौद्ध परंपरेत हा परिसर आचार्य नागार्जुनाशी जोडला जातो. मनसरची सुप्रसिद्ध शिवमूर्ती १९७२ मध्ये सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.