माग नसलेली गिरणी

गिरणी म्हटली की मुंबईकराच्या कानांत आधी भोंगा वाजतो आणि मागोमाग मागांचा खडखडाट. गिरणी आहे पण माग नाही, हे आपल्याला देऊळ आहे पण देव नाही असे म्हटल्यासारखे वाटेल. पण स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या लाटा अंगावर घेत पडलेल्या लुईस आणि हॅरिस या बेटावर अशा गिरण्या आहेत. (बेट एकच, नावे दोन, मधल्या डोंगरांनी उत्तरेची आणि दक्षिणेची माणसे वेगळी ठेवली, त्याचा हा परिणाम.) तेथे होणारे 'हॅरिस ट्वीड' नावाचे लोकरी कापड गिरणीत विणले तर त्याला ते नावच लावता येत नाही. १९९३ साली ब्रिटिश पार्लमेंटने या एकाच कापडासाठी कायदा केला. लोकर शुद्ध आणि नवी हवी, ती या बेटसमूहातच रंगवलेली आणि कातलेली हवी, कापड बेटकऱ्यांनी आपापल्या घरी हाताने विणलेले हवे आणि त्यावरचा शेवटचा संस्कारही तेथेच झालेला हवा. म्हणजे आधीचे आणि नंतरचे सारे गिरणीने करावे. विणायचे तेवढे घराने.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील अलापूलहून आगबोट निघते आणि अडीच-तीन तासांनी स्टोर्नोवे बंदराला लागते. बंदरासमोरच्या गर्द झाडीत एक वाडा दिसतो. एरवी हे बेट जवळजवळ उघडे-बोडके, त्यामुळे ही झाडी डोळ्यांत भरते. १८४४ मध्ये लुईस विकत घेणाऱ्या जेम्स मॅथेसनने हा वाडा बांधला. हाच तो जार्डिन-मॅथेसन पेढीतला मॅथेसन, चीनच्या अफूच्या व्यापारात गबर झालेला. माळव्याची अफू मुंबईहून त्या पेढीकडे रवाना करणाऱ्यांत अग्रणी कोण, तर आपले सर जमशेटजी जीजीभाई. तेव्हा इतक्या दूर येऊनही मुंबई आपला पिच्छा सोडत नाही. पुढे बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला तेव्हा या मॅथेसनने धान्य पुरवले, आणि नंतर शेकडो कुटुंबे जहाजांत बसवून कॅनडाला धाडली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्याच सुमारास दक्षिणेला, हॅरिस भागात, डनमोरच्या जमीनदाराची विधवा पत्नी लेडी कॅथरिन मरे हिने तेथल्या विणकरांकडून आपल्या घराण्याच्या चौकडीचे कापड विणून घेतले आणि शिकारीचा षोक असलेल्या उमराव मित्रमंडळींत त्याचा बोलबाला केला. तोवर बेटकरी हे जाड कापड घरच्यापुरते विणत. आपल्याकडे घोंगडी विणतात तसे. आता त्याला गिऱ्हाईक मिळाले. गिऱ्हाइकामागोमाग नकलाही आल्या, म्हणून १९०९ मध्ये संघ स्थापन झाला आणि गोल व त्यावर क्रूस अशी छाप ठरली. ती आजही कापडाच्या पाठीवर मारतात.

गिरणी पाहायची तर पश्चिम किनाऱ्यावरच्या शॉबॉस्ट गावी जावे. आत शिरताच ओल्या लोकरीचा आणि तेलाचा वास येतो. खरी मौज रंगाची. येथे कापड रंगवत नाहीत, सूतही रंगवत नाहीत. रंगवतात ती कच्ची लोकर. मग निरनिराळ्या रंगांची लोकर वजनाने मोजून, सुगरणीने मसाल्याचे जिन्नस घ्यावेत तशी एकत्र करतात, पिंजतात आणि कातून सूत काढतात. त्यामुळे दुरून नुसते तपकिरी दिसणारे कापड जवळून पाहावे तो त्यात गंजाचा लाल, गवताचा हिरवा, कोठे जांभळी झाक सापडते. पूर्वी हा तांबूस रंग खडकावरच्या दगडफुलापासून करीत. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच्याच नात्यातली ही वनस्पती. आता रंग रासायनिक आहेत, मिसळण्याची रीत मात्र तीच.

ताणा गुंडाळून तयार झाला की तो आणि बाण्याचे सूत गाडीत घालून विणकराच्या दारी पोचवतात. घराला लागून एक शेड, शेडीत लोखंडी माग. त्याला वीज नाही. सायकलसारखा पायांनी चालवायचा. हॅटर्स्ली नावाचे जुने माग पहिल्या महायुद्धानंतर आले, दुप्पट पन्ह्याचे नवे माग १९९० नंतरच्या दशकात. विणकर बहुधा थोडी शेती आणि चार मेंढ्या बाळगून असतो. मेंढी व्यायला झाली तर माग थांबतो. विणलेला ताका तेलकट, मळकट अवस्थेतच गिरणीत परत जातो. तेथे धुणे, आटवणे, वाळवणे, तुटले धागे सुईने सांधणे हे सारे होते.

हे आटवण्याचे काम पूर्वी बायकांचे होते. ओले कापड फळीवर पसरून दोन्ही बाजूंना बायका बसत आणि तालावर आपटत ते फिरवीत. कापड भिजवायला शिळे मूत्र वापरीत; ते ऐकून नाक मुरडू नये, तेल काढायला त्याच्याइतके स्वस्त दुसरे काही नव्हते. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पालुपद धरायचे. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना अधिक सांगायला नको. यंत्रे आली तशी जात्याची गाणी गेली, तशीच हीही कामातून गेली आणि संग्रहात राहिली.

मग घरचा चरखा? तो १९३४ मध्ये सुटला. हातकताईचे सूत मागांना पुरेना, तेव्हा संघाने नियम बदलून गिरणीचे सूत चालेल, पण ते बेटांवरचेच हवे, असे ठरवले. त्याच वर्षी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता, आणि आपल्याकडे खादीला हातसुताखेरीज मान्यता नव्हती. आम्हांला वाटते, बेटकऱ्यांनी चरखा सोडला म्हणूनच त्यांचा माग टिकला. पण ही तडजोड सहज पचली नाही. मुख्य भूमीवरचे सूत वापरणाऱ्यांनी त्याच नावावर हक्क सांगितला. खटला एडिंबरोच्या न्यायालयात लांबला आणि १९६४ मध्ये न्यायमूर्ती हंटर यांनी बेटांच्या बाजूने निकाल दिला. १९६६ मध्ये उत्पादन सुमारे ७६ लाख वारांवर गेले. मग हलक्या कापडांची टूम आली आणि उतरण लागली.

२००६ मध्ये तर एका उद्योजकाने बेटावरची मोठी गिरणी घेऊन हजारो नमुन्यांऐवजी अवघे चार ठेवले, आणि तेही आपल्याच कोटांसाठी. गिरणीची गाडी दारी येईना, तेव्हा विणकराचा माग स्वतःच्या मालकीचा असूनही रिकामा राहिला. कायदा त्याचे नाव राखत होता. काम कोण देणार? २००७ मध्ये शॉबॉस्टची बंद गिरणी नव्या मंडळींनी पुन्हा उघडली आणि गाड्या पुन्हा फिरू लागल्या. आम्ही परत निघालो तेव्हा अशीच एक गाडी रस्त्यालगतच्या एका शेडीपुढे उभी होती. ताणा आत जात होता, ताका बाहेर येत होता, आणि पावसात तो भिजू नये म्हणून दोघांची धांदल चालली होती.