जुन्या आरजीबी मॉनिटरला व्हीसीआर थेट का जोडता येत नाही?

व्हीसीआरच्या पिवळ्या पिनमधून कंपोझिट सिग्नल येतो. त्यात चित्राचा उजेड, रंग आणि सिंक एकाच वायरवरून जातात. आरजीबी मॉनिटरला मात्र लाल, हिरवा आणि निळा सिग्नल वेगवेगळा लागतो. त्यामुळे नुसती केबल बदलून भागत नाही. मध्ये डीकोडर लावावा लागतो.

तो घेण्याआधी मॉनिटरचा प्रकार तपासा.

कमोडोर १०८४: यात कंपोझिट इनपुट असतो, डीकोडरची गरज नाही.

अटारी एससी१२२४: अ‍ॅनालॉग आरजीबी. डीकोडर चालतो, पण आडवा आणि उभा सिंक वेगळा द्यावा लागतो.

आयबीएम ५१५३: डिजिटल. फक्त १६ रंग दिसतात, त्यामुळे डीकोडर लावूनही सिनेमा नीट दिसणार नाही.

व्हीजीए मॉनिटर: याला ३१.५ किलोहर्ट्झ लागतात, तर भारतातल्या पाल सिग्नलचा वेग १५.६२५ किलोहर्ट्झ असतो. म्हणून वेग दुप्पट करणारा स्कॅन डबलरही हवा.

नऊ पिनांचा प्लग बसला म्हणजे जोडणी बरोबर, असं समजू नका. आयबीएमच्या ५१५१ या एकरंगी मॉनिटरलाही तसाच प्लग असतो, पण तो सुमारे १८.४ किलोहर्ट्झवर चालतो. चुकीच्या सिग्नलने तो कायमचा बिघडू शकतो.