खात्यापित्या घरचे अंग आणि वजनाचा आकडा

आपला चांदवड तालुका अवर्षणग्रस्त. घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारून पाहा. खडी फोडायला गेलेले हात, कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी त्यांना अजून आठवतात. त्या पिढीसाठी भरलेले अंग म्हणजे खात्यापित्या घरची खूण. आज त्याच घरातली नात वजन वाढेल म्हणून डबा न खाताच परत आणते.

योगायोग असा, की त्याच १९७२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 'बॉडी मास इंडेक्स' म्हणजे बीएमआय हे नाव रूढ केले. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, हे त्याचे सूत्र. ते मूळचे एकोणिसाव्या शतकातले, बेल्जियमचे गणिती केटले यांचे. केटले समाजातला 'सरासरी माणूस' शोधत होते आणि कीज लोकसमूहांची तुलना करत होते. एकट्यादुकट्या माणसाला पास-नापास करण्यासाठी हे सूत्र जन्मले नव्हते.

कीज यांचा आणखी एक प्रयोग तुम्हाला माहीत असायला हवा. १९४४-४५ मध्ये त्यांनी मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण स्वेच्छेने सहभागी झाले होते. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. ते चिडचिडे आणि उदास झाले, मनात सतत जेवणाचेच विचार येऊ लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही काहींचे खाणे आवरेना. म्हणून कडक डाएटनंतर खाण्यावरचा ताबा सुटला तर स्वतःला दोष देऊ नका. उपासमारीला शरीर असेच उत्तर देते.

मग बारीक माणूस निरोगीच का? तसेही नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडे दिसायला सडपातळ माणसाच्याही पोटात चरबी साठते आणि मधुमेहाचा धोका वाढतो.

तेव्हा आरशापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरच्या आत असावा. वेळेवर जेवा, भाकरी-डाळ-भाजी पोटभर खा, रोज चाला. मुलांना 'जाड्या', 'काडी' म्हणून चिडवू नका. घरात कोणी जेवण टाळत असेल, खाऊन मुद्दाम उलटी करत असेल, किंवा वजन घटून मुलीची पाळी बंद झाली असेल, तर रागावू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. वेळ न दवडता डॉक्टरांना भेटा.