गेले किती, मेले किती... आणि परत आलेले?

सोनारीचं नाव काढलं की काळभैरवनाथ आठवतो, यात्रा आठवते. यात्रेच्या गर्दीत सुट्टीवर आलेला फौजी भेटला तर आपण विचारतो, "कवा आलास? किती दिवस हाय सुट्टी?" बस्स, त्याच्या पुढं गोष्ट जात नाही. इतिहासातही तसंच झालंय मंडळी, म्हणून हे लिहितोय.

सातारा, कोकणाकडं गेलो की गावागावांत मला एक जुनी दगडी पाटी दिसते. इंग्रजांनी बसवलेली. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात किती जण गेले आणि त्यातले किती कामी आले, एवढंच तिच्यावर असतं. परत किती आले, ते लिहिलेलं नसतं. वजाबाकी आपण करायची.

त्या वजाबाकीत काय काय दडलंय बघा.

डिसेंबर 1915 मध्ये आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथं तुर्कांनी पुणे डिव्हिजनला वेढा घातला. त्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा 147 दिवस चालला. धान्य संपलं, घोडी कापून खायची वेळ आली. कित्येक हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. पोटात काही नसताना त्यांना भीती होती ती गावाची: परत गेल्यावर जात काय म्हणेल, आपल्या घरात पोरगी कोण देईल? शेवटी धर्मपुढाऱ्यांकडून परवानगी मागवावी लागली. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार माणसं कैद झाली. वाळवंटातून पायी नेलं, अनेकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो वाटेतच गेले. जे वाचले, ते युद्ध संपल्यावर सुटले. घरी आल्यावर आईला, बायकोला त्यांनी काय सांगितलं असेल? ते कुठल्याच पाटीवर नाही.

दुसऱ्या महायुद्धाचं उदाहरण घ्या. माणगावकडचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण माणूस घरी आला नाही. तिथल्या कॅसिनो स्मारकावर फक्त नाव आहे. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव मात्र परतले. 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर त्यांनी दोघा जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगातून सुखरूप आणलं, मग शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते 1984 साली वारले. म्हणजे त्या दिवसानंतर 39 वर्षं जगले. तो एक दिवस पुस्तकात आहे. बाकीची 39 वर्षं कोण सांगतं?

आता कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध? आपला परंडा तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात, शेजारची बार्शी इंग्रजांची. पण निजामाचे लान्सर्सही पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनच्या मोहिमेवर होते. दिल्लीतल्या तीन मूर्ती आहेत ना, त्या हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या सैनिकांच्या. म्हणजे एक मूर्ती आपल्या जुन्या संस्थानाची. आणि आजही पोरं संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत काँगो, लेबनॉन, दक्षिण सुदानला जातातच की.

शहिदाला मान मिळालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण जो जिवंत आला, रात्री दचकून उठला, सकाळी मुकाट बैलं घेऊन रानात गेला, त्याचीही नोंद व्हावी. सरकार करील म्हणून थांबू नका. घरातली जुनी ट्रंक उघडा. पदक, पेन्शनचं पुस्तक, एखादं पत्र असेल तर जपा. आजी-आजोबांना विचारा, कोण कुठं गेलं होतं, कधी परतलं. वहीत लिहा, त्याची एक प्रत गावच्या शाळेत ठेवा.

सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल. पुढं फक्त वजाबाकी उरेल.