करमरकरांची रीत व तिचे पूर्वज

वसईच्या किल्ल्याच्या तटास अनेक बुरूज आहेत. त्यांपैकी एकावरून समोरच्या बुरुजाकडे जावयाचे झाल्यास दोन मार्ग संभवतात: तटावरून बुरुजामागून बुरूज ओलांडीत जाणे, किंवा खाली उतरून किल्ल्याच्या आतील भागातून सरळ जाणे. गणिताच्या एका शाखेचा गेल्या शतकातील इतिहास म्हणजे या दोन मार्गांचाच वाद होय. आणि त्यातील दुसऱ्या मार्गाशी एका मराठी गणितज्ञाचे नाव निगडित असल्यामुळे तो वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

येथल्या बागायतदाराचेच उदाहरण घेऊ. जमीन, पाणी व मजूर ही सारी मर्यादित. तेव्हा केळी किती लावावी व भाजी किती, म्हणजे लाभ अधिकांत अधिक होईल? पिके दोनच असता कागदावर मर्यादांच्या रेषा काढाव्या. त्यांनी वेढलेल्या बहुभुजाच्या एखाद्या कोपऱ्यावर उत्तर सापडतेच. परंतु दोहोंच्या जागी हजारो वस्तू आल्या म्हणजे कोपरे मोजण्यापलीकडे जातात. १९४७ साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी शोधलेली सिंप्लेक्स रीत ही तटावरून चालणारी. व्यवहारात ती उत्तम चाले. पण १९७२ मध्ये क्ली व मिंटी यांनी अशी उदाहरणे रचून दाखविली की, त्यांत तिला एकूण एक बुरूज पालथा घालावा लागे. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ खाचियान यांनी वेगाची सैद्धांतिक हमी असलेली रीत दिली. प्रत्यक्षात मात्र ती मंद ठरली.

अशा वेळी, १९८४ साली, नरेंद्र करमरकर पुढे आले. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले व पवईच्या आय. आय. टी.तून १९७८ मध्ये पदवी घेतलेले हे तरुण गणितज्ञ तेव्हा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होते. त्यांची रीत क्षेत्राच्या आतून चालते: प्रत्येक पावलास आपण उभे आहो तो बिंदू मध्यभागी येईल असे क्षेत्राचे रूपांतर करावयाचे, आणि तेथून पुढचे पाऊल टाकावयाचे. हमी व उपयुक्तता या दोहोंचा तीत मेळ होता.

या प्रत्येक पावलात लघुतम वर्गांचे एक उदाहरण सोडवावे लागते. तेथे आव्यूहाच्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान सिंग्युलर मूल्यांत फार तफावत पडली, तर उत्तरातील अंक भरवशाचे राहत नाहीत. या मूल्यांची कल्पना इटलीत बेल्ट्रामी यांनी १८७३ मध्ये व फ्रान्समध्ये जॉर्डन यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली, आणि इतिहासाने दोघांसही मान दिला.

करमरकरांच्या बाबतीत न्याय इतका सरळ झाला नाही. सायबेरियातील डिकिन यांनी आतून जाणारी एक रीत १९६७ मध्येच प्रसिद्ध केली होती. तिच्याकडे पश्चिमेत कोणाचे लक्ष गेले नाही. १९८६ मध्ये पाच संशोधकांनी दाखविले की, करमरकरांची रीत जुन्या लॉगॅरिथमिक अडथळ्याच्या रीतीशी जवळच्या नात्याची आहे. शिवाय १९८८ मध्ये अमेरिकेत या रीतीचे पेटंट देण्यात आले, आणि गणिताचा सिद्धांत कोणाच्या मालकीचा असू शकतो काय, असा वाद माजला.

यावरून करमरकरांचे श्रेय उणे होते काय? आमच्या मते, होत नाही. डिकिन यांनी वाट दाखविली, पण ती किती पावलांत संपेल याची हमी दिली नव्हती. ती सिद्धता करमरकरांची, आणि विसरलेल्या त्या मार्गाकडे साऱ्या जगास वळविण्याचे कार्यही त्यांचेच. मात्र सर्व काही आमच्याच माणसाने प्रथम शोधले, असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे फार. तो आवरावयास हवा. डिकिनचे नाव घेतल्याने करमरकर लहान होत नाहीत. ते न घेतल्याने मात्र आपण लहान होतो. पेटंटाची मुदत केव्हाच संपली. रीत आता सर्वांची आहे. तिचा इतिहासही तसाच, सर्वांचा म्हणून, सांगितला गेला पाहिजे.