मोटारीच्या पोटाखालचा इतिहास

जुन्या वस्तूंचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा त्यांच्या दर्शनी बाजूचाच इतिहास लिहितात. देवळाचें शिखर आणि वाड्याचा दरवाजा ह्यांच्या वर्णनांत पानेंच्या पानें खर्ची पडतात. जोत्याच्या दगडाची विचारपूस कोणी करीत नाहीं. मोटारीचेंहि तेंच झालें आहे. तिच्या आकाराविषयीं, वेगाविषयीं आणि तींत बसलेल्या राजेरजवाड्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. पण तिच्या पोटाखालीं जो काळा, खडबडीत, चिखलानें माखलेला लेप असतो, त्यासहि इतिहास आहे हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हा लेप दोन हेतूंनीं दिला जातो: पत्रा गंजूं नये आणि पत्रा वाजूं नये. हीं दोन्ही कार्यें एकच लेप साधतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती समजूत कशी रूढ झाली, तिनें गाड्यांचा घात कसा केला, आणि जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करणारानें त्यापासून काय शिकावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभींची मोटार ही यंत्र बसविलेली घोडागाडीच होती. खालीं जाड पोलादी सांगाडा आणि त्यावर सुतारानें घडविलेली लांकडी पेटी, अशी तिची रचना असे. सगळा भार सांगाडा वाही. त्याच्या अंगावर थोडाबहुत गंज चढला तरी गाडीच्या जीवास अपाय नसे. तक्रार होती ती आवाजाची. ओबडधोबड रस्त्यांवर लांकडाचे सांधे सैल होत आणि जुन्या पलंगाप्रमाणें कुरकुरूं लागत. १९२० नंतरच्या दशकांत चार्ल्स वेमन नांवाच्या वैमानिकानें ह्यावर मोठी मार्मिक तोड काढली. लांकूड लांकडास टेकूंच द्यावयाचें नाहीं; सांध्यांत धातूच्या पट्ट्या घालून दोहोंमध्यें किंचित् अंतर राखावयाचें, आणि बाहेरून पत्र्याऐवजीं कापड ताणून बसवावयाचें, अशी ती युक्ति होती. त्या काळच्या कित्येक बेंटले गाड्यांवर अशा पेट्या बसविलेल्या होत्या. झालेला आवाज दाबण्यापेक्षां तो उत्पन्नच होऊं न देणें बरें, हें तत्त्व वेमननें जाणलें होतें. पुढील पिढ्यांस त्याचा विसर पडला असें म्हणणें भाग आहे.

कारण तोंवर पत्र्याचें राज्य सुरू झालें होतें. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें एडवर्ड बड ह्यानें १९१२ सालीं आपला कारखाना काढला, आणि १९१४ पासून डॉज बंधूंच्या मोटारींकरितां संपूर्ण पोलादी पेट्या तेथें तयार होऊं लागल्या. १९२२ च्या लॅन्सिया लॅम्डा गाडीनें तर स्वतंत्र सांगाड्यासच रजा दिली. आणि १९३४ सालीं फ्रान्सांत सित्रोएन कंपनीनें 'त्राक्सियाँ आव्हाँ' ही गाडी बडच्याच विद्येच्या साह्यानें मोठ्या प्रमाणावर काढून ही रचना सामान्य गिऱ्हाइकाच्या दारांत आणून उभी केली. ह्या रचनेंत तळाचा पत्रा, दारांखालील पोकळ पट्टे आणि चाकांवरील कमानी हाच गाडीचा कणा. ज्यावर सारा भार पडावयाचा तो पत्रा मात्र जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. अशा रीतीनें एकाच सुधारणेनें दोन प्रश्न निर्माण केले: पत्रा नगाऱ्यासारखा वाजूं लागला, आणि त्याचा गंज हा प्राणाशीं खेळ होऊन बसला.

आवाजाचा प्रश्न प्रथम घेऊं. पखवाजाच्या डाव्या पुडीस कणीक लावली म्हणजे तिचा नाद बदलतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पत्र्यावर डांबराचा पट्टा चिकटविला म्हणजेहि त्याचा नाद बदलतो. पण येथें आणखी एक गोष्ट घडते. पत्रा कांपूं लागला कीं त्याबरोबर तो चिकट थरहि ताणला व दाबला जातो, आणि त्याच्या अंतर्गत घर्षणांत कंपाची शक्ति उष्णतेच्या रूपानें विरून जाते. अशा थरांचें गणित हर्मान ओबर्स्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९५२ सालीं प्रसिद्ध केलें. ह्यावरून दिसून येतें कीं सगळा पत्रा मढविण्याची आवश्यकता नाहीं. जेथें तो सर्वांत अधिक कांपतो तेथें, म्हणजे मोकळ्या मध्यभागीं, थर दिला तरी पुष्कळ काम होतें. हवेंतून येणारा आवाज ही वेगळी बाब आहे. त्याचा कांहीं अंश फेल्टासारखें सच्छिद्र द्रव्य शोषून घेतें, आणि उरलेला अडविण्यास निव्वळ वजन लागतें. वजन दुप्पट करावें तेव्हां हिशेबानें सुमारें ६ डेसिबल आवाज कमी होतो. म्हणजे कंप शमविणें, आवाज शोषणें आणि आवाज अडविणें हीं तीन निरनिराळीं कामें आहेत; आणि हीं तिन्ही गाडीच्या आंतल्या, कोरड्या बाजूनें करतां येतात. त्यांकरितां पोटाखालीं जाड डांबर थापण्याचें कारण नाहीं.

आतां गंजाकडे वळूं. लोखंड, पाणी आणि प्राणवायु एकत्र आले म्हणजे गंज येतो, हें शाळेंतील मूलहि सांगेल. परंतु केंब्रिज येथील यूलिक इव्हान्स ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत दाखवून दिलेली गोष्ट याहून विलक्षण आहे. लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला तर ज्या कडेस प्राणवायु भरपूर पोंचतो ती कड शाबूत राहते, आणि जेथें तो कमी पोंचतो तो थेंबाचा मध्यभाग खाल्ला जातो. ह्याचा अर्थ मोटारीच्या पोटास लावून पाहा. जाड लेपास वर्षांनुवर्षांच्या थंडीउन्हानें बारीक तडा जातो. तड्यांतून पाणी आंत शिरतें आणि लेपाखालीं कोंडलें जातें. तेथें हवा पोंचत नाहीं, म्हणूनच तेथील पत्रा आधीं खाल्ला जातो. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाहून पुष्कळ अधिक असल्यामुळें तो लेपास उचलून धरतो आणि आणखी पाण्यास वाट करून देतो. वरून पाहणारास मात्र काळाभोर, अखंड लेपच दिसतो. रक्षकाच्या वेषांत चोर वावरावा तसा हा प्रकार आहे.

अमेरिकेंत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्याकरितां मीठ टाकण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशायर संस्थानानें १९३८ सालीं केला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती पद्धत सर्वत्र फैलावली. मिठाबरोबर लेपाचा धंदाहि वाढला. नवी गाडी घेणारास विक्रेताच जादा पैसे घेऊन पोटास डांबर मारून देऊं लागला. पुष्कळदां ह्या कामांत पाणी निघून जाण्यासाठीं ठेवलेलीं भोंकेंच बुजत, आणि दारांखालील पोकळ्या पाण्यानें भरून राहत. १९५९ सालीं डेट्रॉइट येथें कुर्ट झीबार्ट ह्यानें पोकळ भागांच्या आंतून गंजरोधक द्रव्य फवारण्याचा धंदा सुरू केला, तेव्हां शत्रु बाहेर नसून आंत आहे ही गोष्ट व्यवहारांत मान्य झाली. त्यानंतर प्राथमिक रंगाच्या हौदांत अख्खी पेटी बुडवून विजेच्या साह्यानें रंग बसविण्याची रीत आली, आणि १९७५ च्या सुमारास पोर्शे कंपनीनें जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे वापरण्यास आरंभ केला. गंजाचें खरें निवारण ह्या पातळ, धातूस घट्ट धरणाऱ्या थरांनीं केलें. जाड डांबरानें नव्हे.

हा सर्व इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे जीर्णोद्धारकापुढील पेंच स्पष्ट होतो. जुन्या इमारतींविषयीं हा वाद फार पूर्वींच माजला होता. १८४९ सालीं रस्किननें जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं होणाऱ्या नाशाविरुद्ध लेखणी उचलली, आणि १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ संस्था स्थापन केली. मोटारींच्या बाबतींतहि जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२-१३ मध्यें तुरीनची सनद मान्य करून, शक्य तितकें मूळ द्रव्य राखावें आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी असा दंडक घालून दिला. ह्या न्यायानें पोटाखालचा मूळ लेप हाहि पुरावाच ठरतो. कारखान्यानें काय लावलें होतें, किती लावलें होतें, हें तोच सांगतो. मग तो खरवडून काढावा कीं नाहीं?

आमचें मत असें कीं लेप हा शिलालेख नव्हे. ज्याखालीं काय चाललें आहे हें पाहतां येत नाहीं, त्यास पुरावा म्हणून जपणें म्हणजे पुराव्यासाठीं मूळ वस्तूचा बळी देणें होय. जेथें लेप घट्ट बसला आहे व खालचा पत्रा टणक लागतो, तेथें तो राहूं द्यावा. जेथें तो पोकळ वाजतो, तेथें छायाचित्र घेऊन, नमुना राखून, तो निःशंकपणें काढावा. मात्र जुन्या लेपांत व आवाजरोधक अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो; त्याची परीक्षा केल्यावांचून कारागिराच्या हातीं खरवडणी देणें हा अपराध आहे. मालकाच्या हौसेपायीं दुसऱ्याच्या फुप्फुसांची किंमत मोजली जाऊं नये. त्यानंतर कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा, लांबी भरून भोंक झाकूं नये. मग जस्तयुक्त रंग, सांध्यांस लवचीक भरण, आणि पोकळ्यांत मेणासारखें किंवा लोकरीच्या स्निग्धांशाचें वाहतें द्रव्य. हें द्रव्य दर कांहीं वर्षांनीं पुन्हां द्यावें लागतें, ही त्याची उणीव नसून तोच त्याचा गुण आहे. कारण त्या निमित्तानें कोणीतरी गाडीखालीं डोकावतो.

हा प्रश्न आपणांस परका नाहीं. इटलींत १९५३ सालीं निघालेली फियाट ११०० ही अशाच एकसंध पत्र्याची गाडी. वालचंद हिराचंद ह्यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून तिची वंशज 'प्रीमियर पद्मिनी' ह्या नांवानें हजारों घरांत आली. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सींतून ती निवृत्त झाली. तथापि आजोबांची आठवण म्हणून ती सांभाळणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. मुंबईस बर्फ नाहीं, पण समुद्राची खारी हवा आहे आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. अशा गाडीस वरून चकचकीत रंग आणि खालून जाड डांबर दिलें, म्हणजे आठवण राखली असें होत नाहीं. तिचा क्षय केवळ दृष्टीआड होतो. आवाजाचा बंदोबस्त आंतून करावा, गंजाचा बाहेरून व पोकळींतून करावा, आणि दोहोंची गल्लत करूं नये. इतिहासाचेंहि असेंच आहे. ज्या पिढीस आपला वारसा पुढें द्यावयाचा आहे, तिनें त्यावर जाड लेप थापण्यापेक्षां पावसाळा सरल्यावर एकदां दिवा घेऊन खालीं वांकून पाहावें, हें अधिक श्रेयस्कर होय.