विकिपीडियावरील लेख-वगळणीचा वाद

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात कोणता विषय ठेवावा आणि कोणता वगळावा, यावरून संपादकांमध्ये चालत आलेला मतभेद. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि लेखांची संख्या वाढू लागताच हा वाद उभा राहिला. त्यातील दोन पक्षांना समावेशवादी व वगळवादी म्हणतात.

भूमिका : कोश छापायचा नसल्याने त्याला पानांची मर्यादा नाही, अपुरा लेख आज ना उद्या कोणी पुरा करील, पण तो काढला तर नवखा लेखकही दुरावतो, असे समावेशवादी म्हणतात. वगळवाद्यांच्या मते प्रश्न जागेचा नसून राखणीचा आहे. उदाहरणार्थ, अमेरिकन पत्रकार जॉन सिगेन्थालर यांचा केनेडी हत्येशी संबंध जोडणारा खोटा मजकूर २००५ मध्ये त्यांच्या चरित्रलेखात सुमारे चार महिने तसाच राहिला होता.

निकष व पद्धत : विषयाची ‘उल्लेखनीयता’ त्याच्या थोरवीवरून ठरत नाही. त्याच्याशी संबंध नसलेल्या विश्वसनीय स्रोतांनी त्याची सविस्तर दखल घेतली आहे का, हे मुख्यतः पाहिले जाते. इंग्रजी आवृत्तीत उघड जाहिरात, खोडसाळपणा किंवा प्रताधिकारभंग असल्यास लेख चर्चेविना काढता येतो. वादग्रस्त लेखावर साधारणपणे सात दिवस चर्चा चालते. निर्णय मतमोजणीने नव्हे, तर मांडलेल्या युक्तिवादांवरून होतो. म्हणूनच २००५ मध्ये या प्रक्रियेच्या नावातून ‘मतदान’ हा शब्द गेला. लेख दुसऱ्या लेखात विलीन करणे हा मधला मार्ग असतो. निर्णयाचा फेरविचारही मागता येतो.

गाजलेली प्रकरणे : २००७ मध्ये संस्थापक जिमी वेल्स यांनी केप टाउनजवळच्या गुगुलेतू वस्तीतील ‘म्झोलीज’ या खाणावळीवर त्रोटक लेख लिहिला. काही मिनिटांतच तो वगळण्याचा प्रस्ताव आला. चर्चेअंती लेख राहिला. पदार्थवैज्ञानिक डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील मसुदा मे २०१८ मध्ये स्रोत अपुरे म्हणून नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. बाहेरच्या जगाने ज्यांची दखल कमी घेतली, त्यांच्याबाबतची उणीव कोशातही उतरते, हा आक्षेप यानंतर ठळक झाला.

इतर आवृत्त्या : प्रत्येक भाषेतील संपादक आपापले नियम ठरवतात. जर्मन आवृत्तीत लेखकासाठी साधारणतः दोन ललित वा चार ललितेतर पुस्तकांसारखे नेमके निकष आहेत. त्यांच्या कडकपणावरून २००९ मध्ये मोठा वाद झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे लेख काढण्याचा अधिकार प्रचालकांकडे, म्हणजे व्यवस्थापनाचे अधिकार दिलेल्या संपादकांकडे, असतो. मराठी विषयांच्या बाबतीत अडचण स्रोतांची येते : जुनी नियतकालिके, गौरवग्रंथ आणि जिल्हा वृत्तपत्रे यांतील पुष्कळ मजकूर आंतरजालावर नाही. छापील स्रोत नियमाने ग्राह्य असला, तरी तो शोधून अंक व पृष्ठासह नोंदवण्याचे काम लेख राखू पाहणाऱ्यालाच करावे लागते.